सॉर्न करताय? आधी गाडी कुठे उभी राहणार ते बघा

नोव्हेंबर लागला की आमच्या इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, मराठी ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, "आम्ही मार्चपर्यंत भारतात चाललोय, गाडीचं काय करायचं?" आणि दोन मिनिटांत कुणीतरी उत्तर टाकतंच, "सॉर्न करून टाक, रोड टॅक्स परत मिळेल." उत्तर चुकीचं नाहीये, पण अर्धवट आहे. उरलेलं अर्धं न ऐकता लोक विमानात बसतात आणि मग तिकडे पुण्यात मटार सोलत बसलेले असताना शेजारी फोटो पाठवतो की तुझ्या गाडीच्या चाकाला पिवळा क्लॅम्प (कुलूप) लागलाय. म्हणून यंदा एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय, दरवर्षी ग्रुपवर टाइप करायचा कंटाळा आलाय.

सॉर्न म्हणजे स्टॅच्युटरी ऑफ-रोड नोटिफिकेशन. ब्रिटनमध्ये हे १९९८ पासून आहे. तुम्ही स्वान्सीच्या डीव्हीएलएला (गाड्यांची नोंदणी बघणाऱ्या सरकारी खात्याला) कळवायचं की ही गाडी आता सार्वजनिक रस्त्यावर नाही, मग तिला रोड टॅक्स नको, इन्शुरन्स नको, एमओटी (गाडीची दरवर्षीची सुरक्षा तपासणी) संपली तरी चालेल. नोंदणी तुमच्याच नावावर राहते, नंबर तोच राहतो. पूर्वी दर वर्षी नव्याने कळवावं लागायचं, डिसेंबर २०१३ पासून ती कटकट गेली, एकदा केलं की गाडीला परत टॅक्स भरेपर्यंत, विकेपर्यंत किंवा भंगारात काढेपर्यंत चालू राहतं. आणि हे सगळं फुकट आहे हां! गूगलवर शोधलं की वरती सरकारी दिसणाऱ्या भलत्याच साइट येतात आणि फी मागतात, तिकडे कार्ड काढू नका, सरळ gov.uk वाल्या सरकारी साइटवरच जा.

आता खरा मुद्दा. गाडी उभी कुठे राहणार?

सॉर्न केलेली गाडी गॅरेजमध्ये, ड्राइव्हवेवर (घरापुढच्या आपल्या जागेत) किंवा खाजगी जागेतच हवी. घरासमोरचा रस्ता चालत नाही, म्हणजे चालतच नाही. "पण माझ्याकडे कौन्सिलचं रेसिडेंट परमिट आहे" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की काय सांगू. अहो, परमिट पार्किंगचं आहे, रस्ता सार्वजनिकच राहतो. आपल्यातली निम्मी मंडळी टेरेस्ड (ओळीने एकाला एक चिकटलेल्या) घरात नाहीतर फ्लॅटमध्ये भाड्याने राहतात, म्हणजे सॉर्नचा सल्ला ज्यांना सगळ्यात जास्त दिला जातो त्यांनाच तो लागू पडत नाही. फ्लॅटखालचं पार्किंग खाजगी असतं हे खरं, पण भाडेकरार नीट वाचा, पुष्कळ करारांमध्ये टॅक्स नसलेली गाडी आवारात ठेवायची नाही असं कलम असतं, आणि तिथे डीव्हीएलए नाही तर पार्किंग सांभाळणारी कंपनी मागे लागते.

ड्राइव्हवे असला तरी एकदा बाहेर येऊन डोळ्यांनी बघा. आमच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या घराचा ड्राइव्हवे इतका आखूड आहे की एसयूव्ही लावली की मागचं चाक खाली उतरवलेल्या कर्बच्या अलीकडे, बरोब्बर फुटपाथवर येतं. छोटी हॅचबॅक नीट मावते, ही मावत नाही. फुटपाथ हा रस्त्याचाच भाग धरतात, त्यामुळे अशी गाडी "घरात" आहे असं म्हणून सुटका होत नाही. टेप घेऊन मोजा, लाज वाटायचं काही कारण नाही.

पैशांचं गणित सोपं आहे पण तारीख महत्त्वाची. परतावा फक्त पूर्ण उरलेल्या महिन्यांचा मिळतो, तोही डीव्हीएलएला कळेल त्या दिवसापासून मोजून. म्हणजे २९ नोव्हेंबरला केलंत तर डिसेंबरपासूनचे सगळे महिने परत, २ डिसेंबरला केलंत तर डिसेंबर गेला. २०२५-२६ चा सर्वसाधारण दर १९५ पौंड होता, त्यात सहा पूर्ण महिने उरले असतील तर साडेसत्त्याण्णव पौंड हातात यायचे. इलेक्ट्रिकवाले आतापर्यंत हसत होते, त्यांनाही १ एप्रिल २०२५ पासून टॅक्स लागलाय, तेव्हा हे तुम्हीही वाचा. कार्डाने भरताना जे जादाचे पैसे कापले असतील ते परत नाहीत, हप्त्यांवरचं ५ टक्के पण नाही. कोरी गाडी पहिल्याच वर्षात सॉर्न केली तर परतावा पहिल्या वर्षाच्या आणि दुसऱ्या वर्षापासूनच्या दरांपैकी जो कमी असेल त्यावर धरतात, म्हणजे पहिल्या वर्षी मोठी रक्कम भरलेल्यांनी फार स्वप्नं बघू नयेत. डायरेक्ट डेबिट असेल तर ते आपोआप बंद होतं, तुम्ही बँकेत काही करायचं नाही. एकरकमी भरला असेल तर चेक येतो, लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) जो पत्ता आहे तिथे. घर बदलून लॉगबुक बदललं नसेल तर चेक जुन्या घरी जाणार, आणि पत्ता न बदलल्याबद्दल १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो ते वेगळंच.

करायचं कसं तर ऑनलाइन, पाच मिनिटांचं काम. इथे एक बारीक गोम आहे जी कुणी सांगत नाही. तुम्ही लॉगबुकवरचा ११ आकडी नंबर टाकला तर सॉर्न लगेच लागू होतं, टॅक्सच्या आठवणीच्या पत्रावरचा १६ आकडी नंबर टाकला तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून. टॅक्सच्या परताव्याला याने फरक पडत नाही, पण इन्शुरन्सला पडतो. कारण समजा १२ तारखेला निघताना इन्शुरन्स रद्द केला आणि सॉर्न मात्र १ तारखेपासून, तर मधले दिवस गाडी विनाविम्याची आणि सॉर्न नसलेली. २०११ पासून इथे नियम असा आहे की गाडीचा विमा ठेवा नाहीतर सॉर्न करा, सॉर्न नसेल तर इन्शुरन्स हवाच, आणि हे कॉम्प्युटरच जुळवून बघतो, पोलिसाने पकडायची गरज नाही. घरी १०० पौंडांची नोटीस येते. टॅक्सही नाही आणि सॉर्नही नाही असं झालं तर ८० पौंडांची, ३३ दिवसांत भरली तर ४०. पण तुम्ही तेव्हा आजोळी, पत्र उघडणार कोण?

इन्शुरन्स रद्द करावा का, तर माझं मत विचाराल तर बहुतेकांनी करू नये. रद्द करायची फी जाते, आणि गाडी ड्राइव्हवेवरून चोरीला गेली किंवा जळली तर हाती काहीच नाही. काही कंपन्या फक्त आग आणि चोरीचं कव्हर देतात, फोन करून विचारा. गाडी पीसीपी नावाच्या फायनान्स करारावर किंवा साध्या हप्त्यांवर असेल तर विषयच संपला, कारण गाडी कायद्याने अजून फायनान्सवाल्यांची आहे आणि करारात साधारणपणे पूर्ण विमा कायम ठेवायची अट असते. सॉर्न केलंत म्हणून ती अट सुटत नाही.

सॉर्न असताना गाडी अजिबात बाहेर काढायची नाही. दुधाला नाही, धुवायला नाही, "शेजारच्या गल्लीत लावून येते" तेही नाही. एकच सूट आहे, आधीच बुक केलेल्या एमओटीला किंवा तशाच तपासणीला नेणं आणि आणणं, आणि तेव्हा इन्शुरन्स लागतोच. कॅमेरे नंबरप्लेट वाचतात, त्यामुळे कुणी बघत नाही ही समजूत काढून टाका. प्रकरण कोर्टात गेलं तर दंड २५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

गाडी विकत घेणाऱ्यांसाठीही सांगते कारण यात नवीन आलेली मुलं फसतात. सॉर्न नव्या मालकाकडे जात नाही आणि ऑक्टोबर २०१४ पासून टॅक्सही जात नाही. मग सॉर्नवाली स्वस्तात मिळाली म्हणून पैसे देऊन तशीच चालवत घरी आणायची नाही, लॉगबुकच्या हिरव्या चिठ्ठीवर १२ आकडी नंबर असतो तो टाकून तिथेच उभं राहून फोनवरून टॅक्स भरायचा, त्याआधी इन्शुरन्स घ्यायचा, आणि चाव्या नंतर.

पुण्याच्या दादाला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "घरातली गाडी चालवत नाही हे सरकारला कशाला सांगायचं?" त्याचं बरोबर आहे, महाराष्ट्रात खाजगी गाडीचा टॅक्स गाडी घेतानाच एकरकमी भरलेला असतो, त्यामुळे प्रश्नच येत नाही. पण ट्रक, टेम्पो, बसवाल्यांना विचारा, ते लगेच "नॉन-यूज" म्हणतील. गाडी उभी ठेवणार असाल तर आरटीओला आगाऊ कळवायचं, नाहीतर चाक फिरो न फिरो, टॅक्स चढत राहतो. कल्पना तीच, फक्त तिकडे ती धंद्याच्या गाड्यांपुरती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५३ मध्ये आरटीओ नोंदणी निलंबित करतं ते मात्र निराळं, ती कारवाई असते, तुमची मर्जी नाही.

परत आल्यावर वेगळं काही रद्द करावं लागत नाही, टॅक्स भरला की सॉर्न आपोआप संपतं. एमओटी संपली असेल तर ती आधी करून घ्या, नाहीतर टॅक्सच भरता येत नाही. आणि २७-२८ तारखेला उतरणार असाल तर दोन-तीन दिवस बसने फिरा, कारण टॅक्स महिन्याच्या १ तारखेपासूनच धरतात, २८ ला भरला तरी अख्खा महिना कापला जातो. तेवढ्यात बॅटरी चार्जिंगला लावा, चार महिने थंडीत उभी राहिलेली गाडी पहिल्या किल्लीला चालू होईल अशी आशा धरू नका.