तेलाच्या टाकीत पाणी शिरलं: माझा अनुभव

इथे उत्तर आयर्लंडमध्ये गावाकडे घर घेतलं की घरामागे तेलाची टाकी आलीच. नैसर्गिक गॅस इथे आला तोच मुळी १९९६ मध्ये, स्कॉटलंडहून समुद्राखालून पाइपलाइन टाकली तेव्हा, आणि तोही आधी बेलफास्टच्या आसपास, त्यामुळे अजूनही निम्मी घरं तरी तेलावरच गरम होतात. तेल म्हणजे दुसरं काही नाही, आपलं रॉकेल. टँकरवाला लांबलचक नळी ओढत मागे येतो, पाचशे लिटर ओतून जातो, आणि बॉयलर ते जाळून रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरवत बसतो. टाकी जाड प्लास्टिकची, हिरवी, बाराशे लिटरची, आमच्याआधी राहणाऱ्यांच्या काळातली. तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, आम्हीपण बघत नव्हतो.

जानेवारीत रात्री उणे पाचपर्यंत पारा उतरला आणि सकाळी घर गार. बॉयलरवर लाल दिवा. सासूबाई नेमक्या सांगलीहून आलेल्या, त्यांचा आधीच दोन स्वेटर, वर शाल आणि कानटोपी असा अवतार. रीसेटचं बटण दाबलं की बर्नर घरघर करतो, पेटायचा प्रयत्न करतो, आणि परत लाल. हे बटण एकदोनदा दाबून सोडून द्यायचं असतं बरं का, कारण दर वेळी न जळलेलं तेल आत फवारलं जातं आणि मग चुकून पेटलंच तर एकदम भडका होतो. म्हणून बॉयलरवाल्याला फोन केला (इथे ऑफटेकची, म्हणजे तेलाच्या बॉयलरची कामं करणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी असलेला माणूसच बोलवावा, विक्रीच्या वेळी घराचे कागद बघतानापण ते विचारतात) आणि तो येईपर्यंत इलेक्ट्रिक हीटर एका खोलीत लावून सगळे तिथेच.

तो आला आणि बॉयलरला हातच लावला नाही, सरळ मागे टाकीपाशी गेला. टाकीतून तेल बाहेर पडतं तिथे एक छोटा फिल्टर असतो, खाली वाटी असलेला. त्यानी कॉक बंद करून वाटी खोलली तर आत बर्फ! वाटीच्या आकाराचा खडाच निघाला, आणि त्याच्याभोवती चमचाभर तेल. रॉकेल गोठायला उणे चाळीसच्या आसपास जावं लागतं, म्हणजे तो बर्फ तेलाचा असणं शक्यच नाही. तेल हलकं, पाणी जड, त्यामुळे टाकीत कुठूनही पाणी शिरलं की ते निमूट तळाशी जाऊन बसतं. आउटलेट तळापासून थोडं वर असतं, म्हणून बरेच महिने काही कळतच नाही, आणि पाण्याची पातळी तिथवर चढली की ते नळीत येतं. थंडी नसती तर बर्नर फुरफुर करत, मधेमधे बंद पडत चालला असता. थंडीमुळे नळीच तुंबली.

मग त्यानी एका लांब काठीच्या टोकाला पिवळसर पेस्ट फासली आणि ती काठी वरच्या झाकणातून सरळ तळापर्यंत घातली. ही पेस्ट तेलात आहे तशी राहते आणि पाणी लागलं की रंग बदलते. काठी बाहेर काढली तर खालची सहा सेंटिमीटर कुंकवासारखी लाल, आणि वर अगदी आखल्यासारखी रेघ. सहा सेंटिमीटर म्हणजे काय विशेष असं मला वाटलं, पण नवरा लगेच गणित करायला बसला: टाकीचा तळ पावणेदोन मीटर बाय पाऊण मीटर, म्हणजे दर सेंटिमीटरला तेराएक लिटर, म्हणजे पंच्याहत्तर-ऐंशी लिटर पाणी! सासूबाई खिडकीतून बघत होत्या, म्हणाल्या, "अगं, एका बाटलीत घेऊन उजेडात धर की, रेशनच्या रॉकेलला आम्ही तेच करायचो." बॉयलरवाल्यानीपण पुढे तेच केलं, फक्त त्याची बाटली जरा मोठी होती.

दोन भिंतींची टाकी असेल तर अजून एक भानगड असते, जी मला त्या दिवशी कळली. आतल्या आणि बाहेरच्या टाकीच्या मधे पावसाचं पाणी साठतं आणि लोक तेच बघून घाबरतात. ते पाणी बॉयलरमध्ये जात नाही, पण काढावं मात्र लागतं, कारण ती जागा आतली टाकी फुटली तर तेल धरून ठेवायला असते. आमची टाकी एका भिंतीची, त्यामुळे हा प्रश्न नव्हता, जे होतं ते थेट तेलात.

आता पाणी आलं कुठून? नवऱ्याचं ठाम मत, तेलवाल्यानी भेसळ केली. आपल्याकडे दुधात पाणी घालतात तर इथे रॉकेलमध्ये का नाही, असं त्याचं लॉजिक. पण तेल भरलं होतं ऑक्टोबरमध्ये, पाचशे लिटर. त्यात पंच्याहत्तर लिटर पाणी आलं असतं तर बॉयलर तेव्हाच बसला असता, आणि त्याच टँकरनी गल्लीतल्या अजून दोन घरांत तेल दिलेलं, त्यांचं सगळं व्यवस्थित. शिवाय वर्षभर अर्धी रिकामी टाकी ठेवली की आतल्या हवेतली वाफ थंड होऊन थोडं पाणी धरतं हे खरं, पण ते कपभर, फार तर लिटरभर. ऐंशी लिटर दव कुठे पडतं?

बॉयलरवाला शिडी लावून वर चढला आणि मला म्हणाला, ये, बघ. टाकीचं छत इतक्या वर्षांत मधे किंचित बसलं होतं, आणि नेमकं त्या खळग्यात तेलाची पातळी दाखवणारा मीटर, स्क्रूनी बसवलेला. त्याच्याभोवती शेवाळ. म्हणजे तिथे पाणी कायम साचत होतं. त्यानी झाकणातून टॉर्च आत धरायला लावला आणि बाहेर मीटरभोवती थोडंसं पाणी ओतलं. काही क्षण काहीच नाही, आणि मग आतल्या बाजूनी स्क्रूच्या टोकाशी एक थेंब जमला, लोंबकळला, टपकन खाली. मग दुसरा. खालचं रबरी वॉशर हातात घेतलं तर बिस्किट मोडावं तसं तुटलं. इथे पाऊस म्हणजे पाचवीलाच पुजलेला, थेंबाथेंबानी सगळा पावसाळा आत गेला होता. (पावसाळा म्हणजे इथे जानेवारी ते डिसेंबर.)

काढायचं काम तसं कंटाळवाणंच. लांब कडक नळी तळाच्या कोपऱ्यापर्यंत सोडायची आणि हातपंपानी सावकाश पारदर्शक कॅनमध्ये ओढायचं. सावकाश हे महत्त्वाचं, घाई केली की तेल-पाणी घुसळतं आणि परत बसायला वेळ लागतो. सुरुवातीला पाणी येतं गढूळ, तपकिरी, तळाच्या गाळासकट, मधेच काळपट चिकट तुकडे, जिथे तेल आणि पाणी भेटतं त्या रेघेवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचे हे तुकडे म्हणे. मग कॅनमध्ये वर तेलाचा थर दिसायला लागला की थांबायचं. आमच्याकडे गटार नाही, सेप्टिक टँक आहे, आणि कुंपणापलीकडे शेजारच्या आजोबांच्या गायी आणि ओहोळ, त्यामुळे ते पाणी कुठेही ओतायचा प्रश्नच नव्हता. सगळे कॅन बॉयलरवाला घेऊन गेला, धोकादायक कचरा म्हणून त्याचे वेगळे पैसे लावले, आणि ते मला अजिबात खुपले नाहीत.

पंपानी शेवटचं पाणी निघत नाहीच, तळ कुठेही सपाट नसतो. त्यासाठी एक मोजा मिळतो, आत पाणी शोषणारी पावडर असते, तेल घेत नाही फक्त पाणी घेतो. दोरी बांधून तळाला सोडायचा, दोरीचं टोक बाहेर पक्कं बांधायचं, आणि काही दिवसांनी ओढून काढायचा. पहिला मोजा टम्म फुगून आला, दुसरा अर्धवट, तिसरा जवळजवळ कोरडा, तेव्हा समजलं की झालं. दुकानात टाकीत ओतायची औषधाची बाटलीपण मिळते, पाणी तेलात मिसळवून टाकणारी. शेवटच्या चमचाभर पाण्याला ती ठीक असेल, पण आमच्यासारख्या केसमध्ये ते पाणी नळीतून नॉझलपर्यंत (बर्नरमध्ये तेल फवारणारी तोटी) पोचवायचा रस्ताच झाला असता, आणि नॉझलचं भोक आधीच सुईपेक्षा बारीक.

बर्नरचं नॉझल आणि फिल्टर बदलला, नळी धुतली, पंपातली हवा काढली, आणि पहिल्यांदा पेटला तो काळा धूर सोडतच, पण पेटला. सासूबाईंनी लगेच रेडिएटरला पाठ लावून उभं राहून घेतलं ते चहा होईपर्यंत हलल्या नाहीत. मीटरखाली नवीन वॉशर बसवलं आणि कडेनी तेल चालेल असं सीलंट भरलं. पेस्टची ट्यूब मीच विकत घेतली, आता मोठा पाऊस झाला की काठी घालून बघते, आत्तापर्यंत टोकाला लाल ठिपका आलाय तेवढाच. टँकर येणार असेल तर बॉयलर आधी बंद करून ठेवतो आणि तेल भरल्यावर तासभर तरी तसाच राहू देतो, तळ ढवळलेला असतो म्हणून.

बसलेलं छत मात्र काही उचलणार नाही. बॉयलरवाला म्हणतो ही टाकी बदलाच, दोन भिंतींची घ्या. दीड-दोन हजार पौंडांची गोष्ट, आणि नवीन टाकी आहे त्या जागी बसणारच नाही, कारण आत्ताची खिडकीला चिकटून आहे आणि नियमाप्रमाणे दारं-खिडक्यांपासून १.८ मीटर लांब हवी. तेवढं अंतर मोजून निघते ती एकच जागा, माझी कपडे वाळत घालायची. इतक्या पावसात तुझे कपडे वाळतात कधी, असं नवऱ्याचं म्हणणं. बोलणी चालू आहेत.