आठ कॅमेरे आणि एक घंटी

फोन पुण्याहून आला होता, काम अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातलं. "वडील गेल्यापासून आई एकटीच असते. आठ कॅमेरे लावून द्या, पैसे आत्ता पाठवतो." शेजारच्या गावात कडीकोयंडा तोडून चोरी झाल्याचं त्यानं वाचलं होतं. त्याचा आवाजच सांगत होता, की रात्रभर झोपलेला नाही. मी म्हटलं, "दादा, आधी घर बघतो, मग पैशांचं."

बारा वर्षं मी जळगावात कॅमेरे आणि कुलपं बसवतो. घर न बघता आकडा सांगायचा नाही, हे मी ठरवून टाकलंय.

घर धाब्याचं होतं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. गल्लीतली सगळी धाबी एकमेकांना चिकटलेली. एका टोकाला चढलेला माणूस सहज दुसऱ्या टोकाला उतरेल. पुढच्या खोलीत भाव वाढायची वाट बघत कापूस आढ्याला टेकलेला. मी शिडी लावून धाब्यावर चढलो आणि दोन मिनिटांत खालून हाक आली, "कोन शे रे वर?" मग समोरच्या ओट्यावरून दुसरी. एक पोरगा तर शिडीच धरून उभा राहिला, आणि माय बाहेर येऊन "आपलाच माणूस शे" म्हणेपर्यंत हलला नाही.

मला मागच्या मे महिन्यातली जळगावची कॉलनी आठवली. पत्ता चुकून मी भलत्याच बंद बंगल्याला शिडी लावली होती. अर्धा तास गच्चीवर होतो, भिंतीला ड्रिलसुद्धा मारलं. दोन्ही बाजूंना माणसं राहत होती, कोणी विचारलं नाही. तिथं कॅमेरे हवेतच, हालचालीवर पेटणारा दिवा हवा, सेफ्टी डोअर हवं, कारण सुट्टीत अख्खी ओळ कुलूपबंद असते.

इथं पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर रात्री दोन वाजता चोर दिसला, तरी धावून कोण येणार? तो ११२ ला फोन लावेल, गाडी निघेल, पण तोवर दार टिकलं पाहिजे. आणि रात्री लाइट गेली की इन्व्हर्टर नसलेल्या घरात आठही कॅमेरे आंधळे.

म्हणून मी दाराकडे वळलो. परसदाराचा कोयंडा चार छोट्या स्क्रूंवर, तेही बाहेरून दिसणारे. कुलूप चांगलं जाडजूड होतं, पण त्याला हात लावायची गरजच नव्हती. एक स्क्रूड्रायव्हर पुरे. ते स्क्रू काढून मी गोल डोक्याचे बोल्ट आरपार घातले, नट आतून आवळले. आतून आडणा, म्हणजे दाराला आडवा दांडा, लावला. सान्यावर, म्हणजे धाब्यात उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यावर, नुसता पत्रा झाकलेला होता. तिथं गावच्या वेल्डरकडून सळ्यांची जाळी करून घेतली. हे घर फोडायचं तर मला सान्यातूनच उतरणं सोपं वाटलं असतं.

कॅमेरे दोनच बसवले, पुढच्या दाराला आणि परसात, छोट्या बॅटरी बॅकअपवर. वळचणीतली जाळी झाडून घेतली. कोळी कॅमेऱ्यासमोर धागा ओढतो आणि रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात सगळं चित्र पांढरं होतं.

दागिने कुठं आहेत ते मी विचारलं नाही, विचारूही नये. एवढंच म्हटलं, "माय, सोनं असलं तर अमळनेरला लॉकरमध्ये ठेवा." तिनं लगेच विचारलं, "आनि बँकमाच चोरी व्हयनी तं?" चोख प्रश्न होता. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की बँकेत चोरी झाली तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत बँकेची जबाबदारी. सगळं सोनं त्यात भरून निघेलच असं नाही, तेही तिला सांगितलं.

संध्याकाळी मुलाला फोन केला. सहा कॅमेरे कमी म्हणताच तो नाराज झाला. त्याला वाटलं, खेडं म्हणून मी काम उरकतोय. मी त्याला व्हिडिओवर जुना कोयंडा दाखवला, हातानं ओढून. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रात्री तिला बरं वाटेनासं झालं तर?"

चोराच्या नादात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडीत बिनवायरची घंटी होती. बटण मायच्या खाटेशी लावलं, घंटी शेजारणीच्या स्वयंपाकघरात. मधे मातीची जाड भिंत, म्हणून वाजते का ते बघायला हवं होतं.

मायनं बटण दाबलं. शेजारीण कळण्याच्या पिठानं भरलेल्या हातांनी धावत आली, तिच्यामागे तो शिडी धरणारा पोरगा.

"काय व्हयनं वं?"

"काही नही," माय म्हणाली, "वाजस का ते देखं." आणि तिनं पुन्हा एकदा दाबलं.