एक डोळा उसाची रोपं घरीच केली, डोळा कसा जागा होतो ते समजून घेत (माझा अनुभव)

नमस्कार मंडळी. आमचं रान कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठाला, चिखलीच्या बाजूला. 2019 आणि 2021 चा महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना आमच्याकडची अडचण सांगायला नको, पाणी उतरून वाफसा यायलाच उशीर होतो. म्हणून यावेळी टिपरी (उसाचे तुकडे) थेट रानात लावायची नाही, घरीच ट्रेमध्ये रोपं करायची आणि रानातला महिनाभर वाचवायचा असं ठरवलं.

बेणं तोडताना पहिला प्रश्न हाच पडला की उभ्या उसाला प्रत्येक पेऱ्यावर डोळा आहे, मग तो उभ्या उसात का फुटत नाही? तर शेंड्याला ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते वरून खाली वाहत येऊन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. उसाला तुरा आला की शेंड्याची वाढ थांबते, दाब सुटतो आणि पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात, हे आपण सगळे वर्षानुवर्षं बघतोय, पण त्याच्यामागं हे कारण आहे हे मला आत्ता कळलं. अख्खा ऊस सरीत आडवा टाकला तरी शेंड्याकडचे डोळे आधी उठतात आणि बुडख्याकडचे मागं राहतात. एकेक डोळा वेगळा तोडला की कुणाचाच कुणावर दाब राहत नाही. त्यात बेणं दहा महिन्यांच्या आसपासचं, कोवळं आणि रसदार घेतलं होतं. जून उसाचे डोळे कडक होतात, उशिरा उठतात.

बेणेप्रक्रिया करून डोळे कोकोपीटमध्ये ठेवले आणि नेमकी थंडी वाढली. दुकानात विचारलं तर लगेच जीएची (जिब्रेलिक ॲसिड, जिब्रेलिन गटातलं संप्रेरक) बाटली पुढं केली, म्हणे फवारा, चार दिवसात कोंब वर. मी घेतली नाही, आधी वाचलं. वाचल्यावर असं कळलं की जिब्रेलिन म्हणजे खाद्य नव्हे, तो आतला हुकूम आहे. गहू-बार्लीसारख्या दाण्यात पाणी शिरलं की गर्भ जिब्रेलिन सोडतो, त्यानं दाण्याच्या कडेच्या थरात अमायलेज तयार होतं, ते पिठाची साखर करतं आणि त्या साखरेवर कोंब वर येतो. याच्या उलट ॲब्सिसिक ॲसिड, ते बी झोपवून ठेवतं. बहुतेक उपट्या भुईमुगाला अशी झोप नसते, म्हणून काढणीला पाऊस लागला की शेंगेतच मोड येतात, पसऱ्याला तसं लगेच होत नाही. उसाच्या डोळ्याजवळ तर कांडीत साखर तयारच असते, त्याला हवी ऊब, ओल आणि हवा. 28 ते 32 अंशाला डोळा चांगला फुटतो, 20 च्या खाली गेलं की रेंगाळतो, आणि तिथं वरून हुकूम सोडून काय उपयोग? मग ट्रे एकावर एक रचले, सगळ्यात वर रिकामा ट्रे पालथा घातला, प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवले.

उघडून बघितलं तेव्हा आधी कांडीच्या मूळपट्ट्यातनं पांढऱ्या बारीक मुळ्या सुटल्या होत्या, आणि डोळ्याचे खवले बाजूला सारून पिवळट टोक बाहेर आलं होतं. लय भारी वाटलं बघा. तसंच झाकून ठेवलं तर कोंब अंधारात नुसते लांबतात, म्हणून लगेच उन्हात काढले.

जीए जास्त झालं तर काय होतं याचा दाखला तर त्याच्या शोधातच आहे. जपानमध्ये भाताची रोपं एका बुरशीनं उंच, फिकट होऊन आडवी पडायची. 1926 मध्ये कुरोसावा या शास्त्रज्ञांनी दाखवलं की बुरशी नसली तरी तिनं सोडलेल्या द्रवानंच रोपं तशी लांबतात. पुढं त्या द्रवातनंच जिब्रेलिन सापडलं. ट्रेमधल्या रोपाला उंचीपेक्षा बुंधा आणि मुळी पाहिजे, त्यामुळं माझ्या मते तिथं फवारायचं कारणच नाही.

रोपं लावल्यावर जेठा कोंब (डोळ्यातनं आलेला पहिला, मुख्य कोंब) मोडायची वेळ आली तेव्हा आबा तापले, "चांगला जोमदार कोंब मोडतोस व्हय रं?" त्यांना समजावलं की 1930 च्या दशकात थीमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी बाकल्याच्या रोपावर हेच करून बघितलंय, शेंडा छाटला की बाजूचे डोळे उठले, पण छाटलेल्या जागी ऑक्सिन लावलं तर दबलेलेच राहिले. मुळाकडनं येणारं सायटोकायनिन नावाचं संप्रेरक फुटव्यांना उठवतं, आणि आता तर असंही सापडलंय की शेंडा स्वतःकडं साखर ओढतो म्हणूनही खालचे डोळे उपाशी राहतात. आबांना ही साखरेची गोष्ट लगेच पटली. दोन-तीन फुटवे दिसल्यावरच जेठा जमिनीलगत मोडला, बुंध्याला हात धरून, मुळी हलू न देता, आणि मागनं खताचा हप्ता देऊन हलकी भर लावली. फुटवे एकसारख्या जाडीचे आलेत, आबा आता स्वतः शेजाऱ्यांना दाखवतात.

जीए मी कांडी सुटायला लागल्यावर वापरणार आहे, कारण पेरं लांबवणं हेच त्याचं खरं काम. पावडर नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाण्यात टाका. 25 लिटरला 1 ग्रॅम म्हणजे साधारण 40 पीपीएम पडतं.