अखेर तो खट् आवाज सापडला!
तीन आठवडे कारच्या पुढच्या डाव्या चाकाकडून खट्-खट् यायचं. वेगात असताना काही नाही, पण हळू चालवताना एक चाक खड्ड्यात गेलं की हमखास. शॉकअप (धक्के शोषणारा, आत तेल असलेला दट्ट्या) बदला, असं दोघांनी सांगितलं. मन मानेना, कारण तेलाचा ओघळ कुठेच दिसत नव्हता.

आज सकाळी जॅक लावून चाक हलवून पाहिलं. चाक पेलणारा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, घट्ट; चाक वळवणारी दांडी, टाय रॉड, तीही घट्ट. मग लक्षात आलं, स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की आवाज येतच नाही! म्हणजे संशय स्टॅबिलायझर बारच्या लिंकवर. हा बार म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांमध्ये बसवलेला दांडा; लिंक म्हणजे त्याचं टोक चाकाकडच्या भागाला जोडणारी छोटी दांडी. दोन्ही चाकं सारखी उचलली गेली की बार पिळला जात नाही, एकच उचललं की पिळला जातो. आणि एका बाजूला जॅक लावला की त्याच ताणामुळे लिंकचा ढिलेपणा लपतो.

गाडी खाली घेतली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, हात आत घालून लिंक हलवली. खट्! बोटांना जाणवला तो. लिंकच्या सांध्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटलेलं, आतल्या ग्रीसचा मातीत कालवलेला काळा लगदा.

दोन नट, नवी लिंक. संध्याकाळी त्याच रस्त्याने मुद्दाम हळू गेलो, काचा खाली करून. फक्त टायरचा आवाज. किती बरं वाटलं!