होम लोनची फाइल अडते कुठं?

लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठंही बघा, लोनची फाइल पगारापेक्षा जागेच्या कागदांवरच जास्त अडते. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), एनए ऑर्डर (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश), सातबारा नाहीतर पीआर कार्ड (शहरातल्या जागेचा मालकीपत्रक उतारा), बांधकाम परवाना, मंजूर नकाशा हे सगळं बँकेत जायच्या आधीच लावून ठेवा कारण बँकेचा वकील सर्च रिपोर्टला, म्हणजे जागेची मालकी तपासायला, हेच मागतो आणि एक कागद कमी पडला की फाइल तिथंच बसते. गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेला, प्लॉट असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आधी बघा, टोकन नंतर द्या, एवढं माझं ऐकाच! आयुष्यभराची बचत असते हो त्यात.

नावं पण जुळवा. आधारवर बालाजी, पॅनवर बालासाहेब आणि सातबाऱ्यावर नुसतं बाळू असं आपल्याकडं लई घरात असतं, मग अॅफिडेव्हिट, गॅझेट, सगळं मागं लागतं.

सिबिल, म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो त्याचा स्कोअर, 300 ते 900 मधे असतो, 750 च्या वर असला की काम सोपं जातं. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढा, फिटलेलं ट्रॅक्टर लोन अजून चालू दिसत असेल तर बँकेची एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) जोडून सिबिलकडं तक्रार टाका, दुरुस्तीला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात म्हणून हे काम सगळ्यात आधी. आणि एकदम चार बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी रिपोर्टात दिसते.