डीएल आडनावाचा शोध: त्यातला झेड मुळात झेड नाहीच

गेले दोन महिने एकाच स्कॉटिश आडनावाच्या मागे लागले आहे. लिहायचं डी-ए-एल-झेड-आय-ई-एल आणि म्हणायचं ‘डीएल’, जोर शेवटच्या ‘एल’वर. मी ते डॅल्झिएल असंच वाचत होते आणि नोंदीही त्याच स्पेलिंगने शोधत होते. अर्धं घराणं त्यामुळेच हातून निसटत होतं.

जुन्या स्कॉट्स लिखाणात ‘योख’ नावाचं अक्षर होतं. दिसायला इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं, उच्चार साधारण ‘य’चा. १५०८ च्या सुमारास एडिनबरात छपाई सुरू झाली, पण योखचा खिळा नसे, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा झेड बसवला जाई. ‘ळ’ नसलेल्या लिपीत काळ्यांचे काले होतात ना, तसंच. मेंझीज आडनावातला झेडही असाच आलेला. जुन्या उच्चाराचे स्कॉट्स त्याला आजही ‘मिंगिस’च म्हणतात.

आडनावाचं मूळ स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशरमध्ये, आजच्या मदरवेलजवळच्या डीएल नावाच्या जहागिरीत. तिथून ते पांगलं, आणि प्रत्येक शाखेने आपापलं स्पेलिंग धरलं. वेस्ट लोदियनमधल्या बिन्सच्या शाखेने ‘वाय’ राखला. त्यातले जनरल टॅम डीएल मला फार आवडतात. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाल्यावर त्यांनी दाढी कापणंच सोडलं, असं सांगतात. पुढे ते रशियात झारच्या फौजेत होते, आणि परतल्यावर १६८१ मध्ये त्यांनी स्कॉट्स ग्रेज ही घोडदळाची पलटण उभी केली. नॉर्थम्बरलँडमधून लंडनला आलेल्या डीएल बंधूंनी मात्र ‘झेड’च ठेवला. १८६५ च्या ‘ॲलिस इन वंडरलँड’मधली चित्रकार टेनिएलची चित्रं लाकडावर कोरली ती त्यांनीच. चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्यांची सही असते. परवा एका जुन्या छापाच्या प्रतीवर भिंग धरलं, आणि त्या रेघांच्या जाळीत तो झेड स्पष्ट दिसला! किती वेळ बघत बसले होते.

या आठवड्यात शोधायची रीत बदलली. ‘डी, तारा, एल, तारा, एल’ असं टाकलं (तारा म्हणजे * ही खूण, तिच्या जागी कुठलीही अक्षरं चालतात) की वाय आणि झेडवाले सगळे एकदम येतात. त्याच साच्यात बसणारी दुसरी आडनावंही येतात, ती हाताने वगळावी लागतात. १८५५ पासून सरकारी नोंदणी आहे, तिथे काम सोपं जातं. त्याआधीच्या चर्चच्या वह्यांत लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू आलं तेच उतरलंय, म्हणून तिथे प्रत्येक नाव मोठ्याने म्हणून बघते. लॅनार्कशरच्या वह्या अर्ध्या झाल्या, आता वेस्ट लोदियन घेतेय.