शाप तिचाच, उःशापही तिचाच

काल रात्री मॅलेफिसंट हा डिस्नेचा पिक्चर परत बघितला. कितव्यांदा ते आता आठवत नाही, पण दर वेळी मी एकाच सीनची वाट बघत असते आणि तो लढाईचा नाहीये, ड्रॅगनचा तर नाहीच. राजकन्या ऑरोरा गाढ झोपलीये आणि तिला लांबून वाढताना बघत तिच्यावर जीव जडलेली परी मॅलेफिसंट तिच्याजवळ उभी राहून स्वतः दिलेला शाप मागे घ्यायला बघतेय. सगळी जादू पणाला लावते, पलंगाभोवती प्रकाश गरगर फिरतो, आणि तिला तिचेच जुने शब्द ऐकू येतात, की पृथ्वीवरची कुठलीही शक्ती हा शाप बदलू शकणार नाही. तोऱ्यात म्हटलेलं होतं ते. आता तिची स्वतःची शक्तीसुद्धा त्यात आली.

१९५९ च्या स्लीपिंग ब्यूटीमध्ये हीच बाई बारशाला बोलावलं नाही म्हणून चिडते, बास, एवढंच कारण. २०१४ च्या पिक्चरमध्ये तिला मागची सगळी गोष्ट मिळाली. तेव्हा बरेच जण म्हणाले की चांगली खमकी व्हिलन उगाच मवाळ करून टाकली, पण मला ते अजिबात पटत नाही. कारण दुःख कळलं म्हणून तिने केलेलं पाप कमी होत नाही, पिक्चरही ते कमी करत नाही. पाळण्यातल्या बाळाला शाप देताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो बघवत नाही आणि अँजेलिना जोलीने तो जराही सौम्य केलेला नाही.

आणि यात ना लोखंडाची गोष्ट नीट बघा. लोखंडाने परीला भाजतं. मॅलेफिसंट आणि स्टीफन नावाचा माणसांतला मुलगा, दोघं लहान असताना स्टीफन तिचा हात हातात घेतो तेव्हा त्याच्या बोटातल्या अंगठीने तिला चटका बसतो, आणि तो मुलगा एक शब्द न बोलता अंगठी काढून लांब भिरकावून देतो. तिथेच ती त्याच्यावर विश्वास ठेवते, कुणीही ठेवला असता. पुढे राज्य मिळावं म्हणून हाच माणूस तिला गुंगीचं पेय पाजतो, मारायला जातो, हात धजत नाही म्हणून लोखंडानेच तिचे पंख कापून नेतो. म्हणजे तिला कशाने दुखतं हे तिने विश्वासाने ज्याला कळू दिलं त्यानेच ते वापरलं. जवळच्या माणसाने केलेला घात इतका आत जातो तो याच्यामुळे असं मला वाटतं, परक्याला आपली दुखरी जागा माहीतच नसते.

मग ती सूड घेते तोही कसा बघा. आता राजा झालेल्या स्टीफनची मुलगी ऑरोरा सोळाव्या वाढदिवसाला कायमची झोपी जाईल, उठेल ती फक्त खऱ्या प्रेमाच्या चुंबनाने. सोळावा वाढदिवस आणि खऱ्या प्रेमाचं चुंबन. हे दोन्ही तिचं स्वतःचं आहे! तिच्या सोळाव्या वाढदिवसाला स्टीफनने तिला चुंबन दिलं होतं आणि हे खरं प्रेम आहे असं सांगितलं होतं. आपल्याकडे गोष्टीत शाप आला की उःशाप येतोच, गयावया केली की ऋषी विरघळतात आणि मार्ग सांगतात. इथे राजा गुडघे टेकतो तेव्हा तीही उःशाप देते, पण विरघळून नाही. खरं प्रेम जगात नसतंच असं तिला पक्कं माहीत असतं म्हणून देते. दार दाखवायचं आणि मागे भिंत बांधून ठेवायची तसं.

मी पण एकदा असं केलंय. अगदी जवळच्या मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेलं सगळं बाहेर बोलून टाकलं, आणि मी रात्री दोन वाजता तिला एक मेसेज लिहिला, लांबलचक, तिला नेमकं कुठे लागेल ते मला माहीत होतं आणि मी तेच शोधून शोधून लिहिलं. पाठवल्यावर खूप बरं वाटलं हे खोटं कशाला सांगू. सकाळी डिलीट केला पण तिने तो वाचलेला होता. नंतर माफी मागितली, तीही बोलायला लागली, तरी त्यातलं एक वाक्य आमच्या दोघींच्या मधे कायम बसलेलं असतं. त्यामुळे तो शाप मागे घेण्याचा सीन आला की मी हलू शकत नाही.

जुन्या गोष्टींत सूड कसा सोपा होता. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या स्नो व्हाइटमध्ये दुष्ट राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचायला लावतात, आणि तेही लग्नात. १९३७ च्या पिक्चरमध्ये ती कड्यावरून पडते, म्हणजे नायिकेचे हात स्वच्छ राहिले. दोन्हीकडे राणीने बदलायचा प्रश्नच येत नाही. बदलायचं काम आलं ते नंतर, १९९१ च्या ब्यूटी अँड द बीस्टमध्ये बघा, शापाने पशू झालेल्या राजपुत्राला, बीस्टला, स्वतःची सुटका समोर दिसत असते तरी जिच्या प्रेमाने ती होणार त्या बेलला तो जाऊ देतो. आणि हा पिक्चर आणि मॅलेफिसंट, दोन्हीची पटकथा लिंडा वूल्व्हर्टनचीच आहे, हे कळलं तेव्हा मला एकदम लख्ख झालं.

स्टीफन मात्र बदलत नाही. तिकडे बायको मरायला टेकलेली आणि हा कापलेल्या पंखांसमोर बसून त्यांच्याशी बोलतोय. त्याला लेखनात अजून थोडी जागा द्यायला हवी होती, शेवटी शेवटी तो नुसता वेडा होऊन राहतो. ऑरोराला सांभाळणाऱ्या त्या तीन छोट्या पऱ्यांचा वेळ त्याला दिला असता तरी चाललं असतं.

राजपुत्राच्या चुंबनाने काही होत नाही ते ठीकच आहे, एकदाच भेटलेला मुलगा तो. मग ऑरोरा जिला आपली पाठराखण करणारी परी समजत आलीये ती मॅलेफिसंट तिच्याजवळ येते, मला माफ कर असं म्हणतच नाही, उलट माफी मागणारच नाही म्हणते कारण केलंय ते माफ करण्यासारखं नाही. मी जिवंत असेपर्यंत तुला काही होऊ देणार नाही, एवढं सांगून कपाळावर ओठ टेकते आणि जायला वळते. उठेल म्हणून नाही, तिला तर उःशाप खोटा आहे हे सोळा वर्षं माहीत आहे. तिची पाठ फिरलेली असते आणि मागून झोपाळू आवाज येतो, गॉडमदर.